शिध्याकडून पेढीकडे : विस्थापितांच्या रोजगाराचा विचार

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)





संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित घेतला आहे. त्याची पुनरुक्ती मी करणार नाही. संयोजकांनी मला ‘समाजसेवेची पुढील दिशा’ असा व्यापक विषय दिला होता. त्यातील एकच प्रश्न मी निवडला आहे. घरदार, गाव आणि धंदा गमावून आलेल्या माणसाला पुन्हा स्वतःच्या कमाईवर उभे कसे करावे, हा तो प्रश्न. मी समाजशास्त्राचा अभ्यासक नाही. बी.कॉम. झालो आणि चाळीस वर्षे कापडाच्या व्यापारात काढली. त्यामुळे माझे विवेचन खातेवहीच्या अंगाने होईल, ते गोड मानून घ्यावे.

आपल्या समाजाला दानाचे महत्त्व सांगण्याची आवश्यकता नाही. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान यांचे संस्कार आपल्यावर बालपणापासून होतात. अनुकंपादान करताना समोरच्याची जात, पंथ वा योग्यता पाहू नये, हेही आपण जाणतो. २६ जुलै २००५ च्या महाप्रलयात मुंबईकरांनी एकमेकांना दिलेला आधार आपणा सर्वांच्या स्मरणात आहे. संकटाच्या पहिल्या आठवड्यात अन्न, वस्त्र आणि औषध यांना पर्याय नाही. परंतु शिधा सरतो. दिलेले कपडे विरतात. तिसऱ्या महिन्यात त्या कुटुंबाचे काय होते, हे पाहण्यास बहुधा कोणी उरलेला नसतो.

एक साधा हिशेब मांडतो. एखाद्या कुटुंबाला आपण दहा हजार रुपयांचा शिधा दिला, तर तो दीड-दोन महिन्यांत संपेल. आता त्याच दहा हजारांचा माल त्या कुटुंबाच्या हाती दिला, त्यावर शेकडा दहा टक्के सुटले आणि महिन्यातून मालाचे दोन फेरे झाले, असे धरू. महिन्याला दोन हजार, वर्षाला चोवीस हजार रुपये हाती येतील आणि मूळ रक्कम शाबूत राहील. हिशेब ढोबळ आहे, भाडे-प्रवास यांचा खर्च त्यात धरलेला नाही. तथापि खर्चून जाणारा पैसा आणि फिरणारा पैसा यांतील भेद त्यावरून ध्यानात यावा. विस्थापितांच्या बाबतीत हा भेद किती मोलाचा ठरतो, याची उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच आहेत.

वळिवडे ते गांधीनगर

कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, तेथे पोलंडमधील सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. सोव्हिएत राजवटीने त्यांना मायभूमीतून उचलून सैबेरियासारख्या दूरच्या प्रदेशांत नेले होते. तेथून सुटका झाल्यावर इराणमार्गे ते भारतात आले. वळिवड्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, रुग्णालय होते. खर्चाचा भार प्रामुख्याने लंडनस्थित पोलिश सरकारने उचलला. युद्ध संपल्यानंतर ही मंडळी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका आदी देशांत गेली. कोल्हापूरच्या आदरातिथ्याची आठवण मात्र त्यांनी जपली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे आणि पोलंडची राजधानी वॉर्सा येथेही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तेथे जाऊन अभिवादन केले.

पोलिश मंडळी गेली आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे राहू लागली. पोलिश निर्वासितांना पुढे अन्यत्र जायचे होते. सिंधी बांधवांना परतण्यास गाव उरले नव्हते. जे काही करायचे ते तेथेच करणे त्यांना भाग होते. त्या वसाहतीचे नाव गांधीनगर. कापडाच्या व्यापारात असलेल्यांना हे नाव निराळे सांगावे लागत नाही. दक्षिण महाराष्ट्र, कोकण, गोवा आणि उत्तर कर्नाटक येथील दुकानदार ज्या घाऊक कापड बाजारात खरेदीस येतात, तो हाच बाजार. १९०४ मध्ये ज्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला, ती वस्त्रनगरी तेथून जवळ आहे. माल जवळ, गिऱ्हाईक जवळ आणि हाती चिकाटी, या तिन्हींच्या बळावर निर्वासितांच्या बराकींची पेठ झाली.

उल्हासनगरची शिकवण

मुंबईजवळची कथा उल्हासनगरची. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि सिंधमधील हिंदू कुटुंबे मोठ्या संख्येने जहाजांनी मुंबई व सौराष्ट्राच्या बंदरांत उतरू लागली. पंजाबची फाळणी झाली तेव्हा त्याचा एक भाग भारतात राहिला. सिंध मात्र संपूर्णपणे पलीकडे गेला. त्यामुळे या मंडळींना स्वतःच्या भाषेचा, ओळखीचा असा प्रदेशच राहिला नाही. कल्याणजवळ युद्धकाळात सैन्यासाठी बांधलेली छावणी रिकामी होती. तेथे सुमारे एक लाख निर्वासितांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथील नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिचे नाव उल्हासनगर ठेवण्यात आले. आजही तेथील भाग ‘कॅम्प एक’ ते ‘कॅम्प पाच’ अशा क्रमांकांनीच ओळखले जातात.

आरंभी त्यांना सरकारी शिधा मिळत असे, पण त्यावर ही मंडळी विसंबून राहिली नाहीत. लोकलच्या डब्यांत गोळ्या, पापड, कंगवे विकणारे हात हेच होते. काल ज्यांचे स्वतःचे दुकान होते, ते आज टोपली घेऊन फिरत होते आणि त्याची त्यांना लाज वाटत नव्हती. त्यांच्या व्यापाराविषयी पेठेत एक गोष्ट सांगत. सिंधी व्यापारी खरेदीच्या भावातच माल विकतो आणि रिकामी पेटी विकून नफा काढतो, ही ती गोष्ट. तीत अतिशयोक्ती आहे, पण मर्म खरे आहे. थोडा नफा आणि मालाची जलद फिरत, यावर त्यांचा धंदा उभा राहिला. पुढे उल्हासनगर तयार कपडे, विशेषतः जीन्स, फर्निचर आणि खाद्यपदार्थ यांचे मोठे केंद्र झाले.

१९८० च्या सुमारास मी दुकानात बसू लागलो, तेव्हा मूळजी जेठा मार्केट आणि मंगलदास मार्केट परिसरात त्या पिढीतील वृद्ध व्यापारी भेटत. मदत म्हणून त्यांना काय मिळाले, असे विचारले की ते रोख रकमेचा उल्लेख क्वचितच करीत. कोणी चार ठाण कापड उधारीवर दिले, कोणी कटपीसचा गठ्ठा दिला आणि विकल्यावर पैसे आणा म्हणाले, कोणी आपल्या ओटल्यावर सायंकाळी बसू दिले, असे ते सांगत. ज्यांनी उधारी दिली त्यांनी उपकार केला, असे मला वाटत नाही. त्यांनी व्यापारच केला, आणि त्या व्यापारात माणसे उभी राहिली. उधारी देताना आपण समोरच्याच्या भविष्यावर विश्वास ठेवत असतो. सर्वस्व गमावलेल्या माणसाला हा विश्वास अन्नाइतकाच आवश्यक असतो.

शासनानेही मार्ग काढले होते. निर्वासितांना उद्योग-व्यापारासाठी कर्ज मिळावे म्हणून १९४८ मध्ये केंद्र सरकारने स्वतंत्र पुनर्वसन वित्त प्रशासनाचा कायदा केला. मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईचा कायदा मात्र १९५४ मध्ये झाला. म्हणजे फाळणीनंतर सात वर्षांनी. तोवर भरपाईची वाट पाहत बसलेले कुटुंब खंगून गेले असते.

आपल्या शेजारचे उदाहरणही विसरू नये. लिंकिंग रोडवरील नॅशनल कॉलेज मूळचे सिंधमधील हैदराबादचे. १९२२ मध्ये तेथे स्थापन झालेले हे महाविद्यालय १९४९ मध्ये वांद्र्यात पुन्हा सुरू झाले. स्वतः निर्वासित असलेल्या शिक्षकांनी प्रथम शिक्षणाची पेढी उघडली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. आपल्यापैकी अनेकांची मुले तेथे शिकली आहेत.

लक्ष्मीचंद जैन यांचे कार्य

येथे एका जैन नावाचा उल्लेख करणे मी कर्तव्य मानतो. लक्ष्मीचंद जैन, ज्यांना देश एल. सी. जैन या नावाने ओळखतो, ते फाळणीच्या वेळी एकवीस वर्षांचे होते. दिल्लीच्या किंग्जवे कॅम्पमध्ये निर्वासितांची व्यवस्था पाहण्याचे काम त्यांच्याकडे आले. पुढे कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनमधून त्यांनी निर्वासितांच्या शेतीसाठी व हस्तोद्योगांसाठी सहकारी संस्था उभारण्याचे काम केले. दिल्लीजवळच्या फरिदाबाद शहराच्या उभारणीशी त्यांचा निकटचा संबंध होता. वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी हे शहर वसवायचे होते. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळाचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद होते आणि पंतप्रधान नेहरू स्वतः बैठकांना उपस्थित राहत. तेथे एक महत्त्वाचा निर्णय झाला. घरे बाहेरच्या ठेकेदारांकडून न बांधता निर्वासितांनी स्वतः बांधावीत आणि त्याची मजुरी त्यांनाच मिळावी. बांधकामाची सवय नसलेल्या व्यापारी घरांतील तरुणांनी विटा वाहिल्या, गवंडीकाम शिकून घेतले आणि आपले शहर उभे केले. घरही मिळाले आणि घर बांधण्याची मजुरीही मिळाली.

पुढे सरकारी खात्याच्या हाती कारभार गेल्यावर ही सहकारी घडी विस्कटली, अशी खंत जैन यांनी फरिदाबादवरील आपल्या पुस्तकात व्यक्त केली आहे. १९८९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या तरुणांनी त्यांचे चरित्र अवश्य अभ्यासावे.

लुधियानाची उधारी

आता कापड व्यापाऱ्यांना विशेष जवळचे वाटेल असे उदाहरण. हिवाळा आला की आपल्या गावोगावी तिबेटी स्त्री-पुरुष स्वेटर विकायला बसलेले दिसतात. १९५९ नंतर तिबेटमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती देशात अनेक ठिकाणी आहेत. त्यांतील एक महाराष्ट्रात, आजच्या गोंदिया जिल्ह्यात आहे. नॉर्ग्येलिंग नावाची ही वसाहत १९७२ मध्ये वसली. तेथील कुटुंबे शेती करतात आणि हिवाळ्यात स्वेटर विकून वर्षाची गुजराण करतात.

हे स्वेटर बहुतांशी लुधियानाच्या होजिअरी कारखान्यांतून येतात. तेथील ओसवाल व इतर व्यापाऱ्यांशी तिबेटी विक्रेत्यांचा व्यवहार अनेक वर्षांचा आहे. हंगामाच्या प्रारंभी काही रक्कम भरून माल घ्यायचा, चार महिने विकायचा आणि हंगाम संपल्यावर उरलेले पैसे चुकते करायचे, अशी ही रीत. त्यात तारण म्हणून घर वा जमीन नसते. विक्रेत्यांची संघटना आणि त्यांची शब्दाची पत, हेच तारण. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची स्वाक्षरी नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी सर्वसाधारण कायदाही नाही. अशा परिस्थितीत व्यापाऱ्याच्या वहीतील एक खाते एका समाजाचा आधार बनते, ही सामान्य गोष्ट नव्हे. लुधियानाच्या व्यापाऱ्यालाही हंगामापूर्वी माल हलवणारा विक्रेता मिळतो. दोघांचा लाभ असतो, म्हणूनच ही रीत पिढ्यान्‌पिढ्या टिकली. निव्वळ दयेवर चाललेली व्यवस्था दाता थकला की थांबते.

घर मिळाले, काम सुटले

हे सर्व इतिहासातले झाले. आज आपल्या खार-दांड्याच्या परिसरात निर्वासित कोठे आहेत, असे कोणी विचारील. सीमा ओलांडून आलेले फारसे नसतील, पण विस्थापित पुष्कळ आहेत. या शतकाच्या आरंभी रेल्वेमार्गांच्या विस्तारासाठी रुळांलगतच्या हजारो झोपड्या हटल्या आणि अनेक कुटुंबांना मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत घरे मिळाली. पक्के घर मिळाले, ही आनंदाची गोष्ट. परंतु जी भगिनी येथे चार घरची धुणीभांडी करून संसार चालवीत होती, तिने मानखुर्दहून रोज खारला कसे यावे? जलवाहिनीलगतच्या वस्त्यांतील लोकांना माहुल येथे हलवले गेले. तेथील प्रदूषणाच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २०१९ मध्ये न्यायालयाने या कुटुंबांना पर्यायी घर किंवा दरमहा पंधरा हजार रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. पुनर्वसनाचा कायदा आपल्या महाराष्ट्राने १९७६ मध्येच केला होता आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटावा. तरीही अनुभव असा की, घराच्या बदल्यात घर देता येते. तुटलेले गिऱ्हाईक आणि ओळखीचा बाजार कोणत्याही आदेशाने परत मिळत नाही.

आपला खारदांडा हा मूळचा कोळीवाडा. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूच्या कामामुळे मासेमारीच्या क्षेत्रावर परिणाम होतो, हा प्रश्न येथील कोळी बांधवांनी मांडला आहे. त्यांचे घर जागेवर आहे, पण कामाची जागा आक्रसत आहे. मासळीच्या व्यवसायात आपण सहभागी होऊ शकत नाही, हे उघड आहे आणि आपल्या या मर्यादेचा तेही मान राखतात. तथापि शेजारधर्म तेथे संपत नाही. त्यांच्या मुलामुलींना हिशेब, संगणक, शिवण वा परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे असेल, तर त्यांच्या पाठीशी उभे राहण्यात आपल्या आचाराला कोठेच बाधा येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण एका गल्लीत राहिलो आहोत. त्यांनी मागण्याची वाट पाहू नये, असे मला वाटते.

आपण काय करू शकतो?

माझ्या अल्प अनुभवाप्रमाणे पाच सूचना विश्वस्त मंडळापुढे नम्रपणे ठेवतो.

पहिली, मदतीच्या अर्जात ‘आपल्याला काय हवे?’ या प्रश्नाआधी ‘आपल्याला काय येते?’ हा प्रश्न असावा. शिवण, सुतारकाम, स्वयंपाक, वाहन चालवणे, जुन्या गावातील व्यापाराचा अनुभव, सर्व नोंदवावे. विस्थापिताचे सामान मागे राहते, हातातील कसब त्याच्याबरोबर येते.

दुसरी, रोख रकमेऐवजी मालाच्या उधारीला संस्थेने जामीन राहावे. व्यापारी बांधव माल देतील, विक्रीनंतर पैसे येतील. बुडाल्यास ठरावीक मर्यादेपर्यंतचा तोटा संस्थेच्या निधीतून भरावा. काही खाती बुडतील, हे आधीच धरून चालावे. आपल्या स्वतःच्या धंद्यातही बुडीत खाती असतात, म्हणून आपण उधारी बंद करत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांना आरंभी दहा हजारांचे विनातारण कर्ज मिळू लागले आणि ते फेडल्यावर पुढील मोठे कर्ज मिळण्याची सोय होती. ही पायरी-पायरीची पद्धत आपणही अनुसरावी.

तिसरी, पहिली ऑर्डर आपण द्यावी. साडीला फॉल-पिको, पिशव्या शिवणे, खोके भरणे, समारंभाच्या भोजनासाठी खाखरे-पापड करणे, ही कामे आपण कोणाकडून तरी करून घेतोच. त्यातील काही भाग अशा कुटुंबांसाठी राखावा. मात्र दर बाजाराप्रमाणे द्यावा. अडलेल्या माणसाकडून स्वस्तात काम करून घेणे यालाही मदत म्हणण्याची प्रथा आहे, ती आपण पाळू नये. उल्हासनगरच्या जीन्स उद्योगाने हजारोंना काम दिले, पण कापड धुण्या-रंगवण्याच्या पाण्याने वालधुनी नदीची दैना झाली, हेही आपण पाहिले. रोजगार देताना कामगाराचे आरोग्य आणि इतर जीवांचे रक्षण यांचा विचार अहिंसेचे नाव घेणाऱ्यांनी आधी केला पाहिजे.

चौथी, कागदपत्रांची मदत. बँक खाते, उद्यम नोंदणी, आवश्यक तेथे जीएसटी आणि साधी जमाखर्चाची वही, यांत नवा माणूस अडखळतो. आपल्याकडे वाणिज्य पदवीधर आणि सनदी लेखापाल तरुणांची उणीव नाही. रविवारचे दोन तास त्यांनी दिले, तर त्याचे मोल देणगीपेक्षा कमी नाही.

पाचवी, किमान दोन वर्षे सोबत. दिवाळीचा एक हंगाम चांगला गेला म्हणजे धंदा बसला असे होत नाही. दुसरा हंगाम, एखादे आजारपण, एखादी बुडालेली उधारी, यांतून कुटुंब तरून गेले म्हणजे ते स्थिरावले. तोवर एका व्यापारी कुटुंबाने एका विस्थापित कुटुंबाशी नाते ठेवावे, त्याला बाजारातील ओळख द्यावी.

मोठ्या संख्येने आरंभ करण्याची घाई नको. सुवर्णमहोत्सवी वर्षात दहा कुटुंबे घ्यावीत. दोन वर्षांनी वार्षिक अहवालात ‘शिधावाटप’ या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा. किती कुटुंबांनी घेतलेले भांडवल परत केले, आणि त्यांतील किती कुटुंबे पुढच्या कुटुंबाला जामीन राहिली, एवढेच त्यात लिहावे. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा राजस्थान, गुजरात, कच्छ वा दक्षिण महाराष्ट्रातील खेड्यांतून एक पिशवी घेऊन मुंबईत आले. त्यांना कोणीतरी गादीवर जागा दिली, कोणीतरी पहिला माल उधार दिला. त्या उधारीची परतफेड मूळ धन्याला करणे आता शक्य नाही. ती पुढच्या माणसाच्या खात्यावर जमा करता येईल.

माझी ही सूचना विश्वस्त मंडळाने विचारार्थ घ्यावी, पहिल्या दोन कुटुंबांच्या मालाची उधारी आमच्या दुकानातर्फे देण्यास मी तयार आहे, एवढे नमूद करतो.

जय जिनेंद्र!